बाप्पा गावाला जातो म्हणजे कुठे जातो?

नदीवर विसर्जन होत होतं तोवर हा प्रश्न पुण्यातल्या पालकांना फारसा छळत नव्हता. ओंकारेश्वराच्या किंवा नटेश्वराच्या घाटावर पाण्यात उतरलेल्या माणसाच्या हातात मूर्ती द्यायची, तो ती तीनदा बुडवायचा, आपण 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं आणि पाट घेऊन घरी यायचं. पाण्याखाली पुढे काय होतं ते मुलाला दिसत नसे, त्यामुळे 'बाप्पा गावाला गेला' हे वाक्य सुखाने खपून जाई. घरच्या बादलीने ही सोय संपवली. शाडूची मूर्ती संध्याकाळी बादलीत ठेवली की रात्रीतून सोंड सुटते. पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर ती विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेट घातलेल्या पाण्यात दोन दोन दिवस फसफसत बसते, आणि बादली असते बाल्कनीत, मुलाच्या सायकलीशेजारी. पाच वर्षांचं मूल दात घासता घासता तिथे डोकावतं आणि विचारतं, "बाप्पा अजून इथेच आहे. मग गावाला कधी जाणार?"

आम्ही दोघी दर श्रावणात कोथरूड आणि सहकारनगरातल्या सोसायट्यांमध्ये लहान मुलांना शाडूचा गणपती करायला शिकवतो. मुलं आम्हाला प्रश्न विचारतात, आणि 'तुम्ही काय उत्तर दिलंत' हे पालक विचारतात. त्या दोन्हींतून जी पद्धत बसत गेली ती इथे मांडतो आहोत.

खरं कधी सांगायचं हे ठरवण्याआधी एक गोष्ट बंद करावी लागते: बाप्पाला पोलीस म्हणून कामाला लावणं. 'भाजी संपव, नाहीतर बाप्पा आपल्याकडे येणार नाही', 'बाप्पा बघतोय हं'. ज्या मुलाला फक्त गोड गोष्ट सांगितली होती, त्याला खरं कळलं की ते 'अच्छा' म्हणतं आणि मोदक मागतं. ज्याला धाक घातला होता, ते मागचा सगळा हिशोब काढतं: म्हणजे तेव्हाही खोटंच सांगितलं होतं? त्याचा राग गोष्टीवर नसतो, धाकावर असतो. त्यामुळे धाक निदान एक गणेशोत्सव आधी थांबवावा आणि मगच खऱ्याच्या वाटेला लागावं. चतुर्थीच्या चंद्राचंही तसंच. तो पाहिला तर चोरीचा आळ येतो ही स्यमंतक मण्याची गोष्ट सांगायला झकास आहे, पण चुकून चंद्र दिसलेलं मूल रात्रभर घाबरून जागं राहिलं तर तिथे 'मोठा झाल्यावर सांगू' चालत नाही. त्याच रात्री सांगायचं, 'अरे, ही गोष्ट आहे. आम्हीही किती वेळा पाहिलाय.'

वयाचा आकडा पालक हमखास विचारतात. आम्ही आकड्यापेक्षा प्रश्नाची घडण बघतो. तीन-साडेतीन वर्षांचं मूल 'कुठे' विचारत नाही, 'परत कधी' विचारतं. त्याला 'पुढच्या वर्षी' एवढं पुरतं आणि ते खरंही आहे. पाच-सहाच्या आसपास 'कसा'चे प्रश्न सुरू होतात. बादलीतून गावाला कसा जाणार, रेल्वेने का, उंदीर पाण्यात बुडत नाही का? हे प्रश्न ऐकून पालकांना वाटतं की मुलाला संशय आलाय. बहुतेकदा तसं नसतं. मूल गोष्टीच्या आत राहूनच गोष्टीची डागडुजी करत असतं. इथे 'कसा'ला 'कसा'चंच उत्तर द्यावं: माती पाण्यात विरघळते, ते पाणी आपण झाडाला घालतो. यात खोटं काही नाही आणि गोष्टही मोडत नाही. तिसरी पायरी साधारण सात-आठच्या पुढे येते, आणि ती ओळखायला सोपी असते, कारण तो प्रश्नच नसतो. 'मोदक तूच खाल्लास ना?' किंवा सरळ 'खरं सांग'. मुलाचं ठरलेलं असतं, त्याला तुमची सही हवी असते. त्या दिवशी सही करायचीच. 'तुला काय वाटतं?' हा उलटा प्रश्न एकदा विचारायला हरकत नाही, त्यातून मूल कुठवर आलंय ते कळतं. दुसऱ्यांदा विचारलात की ती टाळाटाळ होते, आणि ती मुलांना ताबडतोब ओळखू येते.

पण सगळं एकदम एकाच दिवशी सांगायचं नसतं. गणेशोत्सवात मुलांसाठी निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी चालू असतात: नैवेद्याच्या ताटातला मोदक उंदीरमामा नेतो, गौरी आपल्या पावलांनी चालत घरात येतात, आणि बाप्पा गावाला जातो. याच क्रमाने त्या सोडवाव्यात. उंदीरमामा हा निव्वळ खेळ. तो उघडा पडला तर हशा होतो, बाकी काही होत नाही. मूल आधी इथेच पकडतं, कारण बाबांच्या मिशीला खोबऱ्याचा कीस लागलेला असतो. पकडलं की कबूल करायचं आणि दुसऱ्या दिवशी मोदक पळवण्याचं काम त्यालाच द्यायचं. धाकटं भावंड असेल तर हे काम महिनाभर आधीपासून मागितलं जातं.

गौरींचं जरा निगुतीने करावं लागतं. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर. म्हणजे तिन्ही दिवस घर भरलेलं, आणि मुलांच्या नजरेआड काही ठेवणं अशक्य. आदल्या रात्री माळ्यावरची पेटी उतरते. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले मुखवटे निघतात, लोखंडी स्टँडवर साडी चापून नेसवली जाते, पोटाशी उशी किंवा धान्याचा डबा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांची मुंडकी डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेली मुलाने पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दारात 'गौरी आल्या' असं ऐकलं, की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघवत नाही. तेव्हा ज्या घरात मूल अजून लहान आहे तिथे ही मांडामांड ते झोपल्यावर करावी, आणि ज्या वर्षी ते 'कसा'चे प्रश्न विचारू लागेल त्या वर्षी त्याला पेटी उतरवण्यापासून सोबत घ्यावं. अर्धवट काही नको. एक तर पूर्ण गोष्टीत, नाहीतर पूर्ण तयारीत.

तयारीतलं सगळ्यात छान काम म्हणजे पावलं. तांदळाची पिठी पाण्यात कालवायची, ताकाइतकी दाट. मूठ वळून करंगळीच्या बाजूची कड तिच्यात बुडवायची आणि जमिनीवर ठसा उठवायचा, मग अंगठ्याच्या टोकाने एक आणि बोटांनी चार ठिपके. डावी मूठ, उजवी मूठ, आलटून पालटून, दारापासून आत. बाहेर जाणारी पावलं काढायची नाहीत. पिठी पातळ झाली तर ठसा पसरतो, चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर तर वाहतोच. तिथे चमचाभर मैदा मिसळावा. उठवलेल्या पावलांवर हळदीकुंकू वाहायचं. हे करणारं मूल नंतर दारात 'गौरी कशाच्या पावलांनी आली?' 'सोन्यामोत्यांच्या पावलांनी' हा संवाद स्वतः म्हणतं, आणि तो खोटा आहे असं त्याला अजिबात वाटत नाही. ती पावलं आपण काढली हे त्याला ठाऊक असतं आणि गौरी आल्या हेही ठाऊक असतं. मोठ्यांना या दोन गोष्टी एकत्र धरायला जड जातात. मुलांना नाही.

खड्यांच्या गौरी बसवणाऱ्या घरांचं मात्र बरं आहे. पाणवठ्यावरून न बोलता खडे आणायचे (हल्ली सोसायटीच्या बागेतल्या नळापासून), तबकात मांडायचे, पूजा करायची. खडा तो खडा. लपवायचं काय आणि उघड करायचं काय?

आता मुख्य गोष्ट. बाप्पा मातीचा आहे हे मुलाला सांगायचं नसतं, ते त्याच्या हातांना कळू द्यायचं असतं. यासाठी श्रावण. चतुर्थीच्या निदान दोन आठवडे आधी मूर्ती व्हायला हवी, नाहीतर वाळत नाही. साधारण सहा-सात इंची गणपतीला मुलामागे दोन किलो भिजवलेली शाडू धरावी. कोरडी शाडू आदल्या रात्री भिजवायची, सकाळी मळायची. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, आणि वळी वाकवली तर तिला भेगा पडता कामा नयेत. आधी पाट, मग मांडी घातलेले पाय, त्यावर पोट, मग हात, डोकं, सोंड, शेवटी कान. प्रत्येक जोडावर दोन्हीकडे टूथपिकने आडव्याउभ्या रेघा मारायच्या आणि मध्ये पातळ केलेली माती लावून दाबायचं. रेघा न मारता नुसतं पाणी लावून चिकटवलेला हात वाळताना हमखास गळतो. मान हा सगळ्यात नाजूक भाग, म्हणून आम्ही धडातून डोक्यात खराट्याची काडी घालतो. सोंड पडते ती बहुतेक माती ओली राहिल्यामुळे. मुलं सोंड गुळगुळीत करायला सारखी बोटं पाण्यात बुडवतात. तासभर थांबून, माती जरा ताठली की मग सोंड लावावी. वाळवणं सावलीत, पहिला दिवस ओलसर फडक्याखाली. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवलेली मूर्ती वरून लवकर वाळते, आत ओली राहते आणि पोटावर चीर जाते. चीर भरायची ती घट्टसर मातीने. पातळ मातीने भरलेली चीर वाळताना पुन्हा आकसते आणि पुन्हा उघडते.

हे सगळं केलेल्या मुलाला 'बाप्पा कुठे जातो' हा प्रश्न त्याच स्वरूपात पडत नाही. पोटात काडी आहे हे त्याला माहीत असतं. त्याऐवजी कार्यशाळेत दुसरा प्रश्न येतो, आणि तो कितीतरी अवघड असतो: 'मग यात देव कधी येतो?' यावर पालक गडबडतात. त्यांनी पूजेची पोथी उघडावी, कारण तिथे याचं उत्तर अगदी स्पष्ट आहे. पूजा 'पार्थिव' गणपतीची, म्हणजे मातीच्याच. आणलेली मूर्ती चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत फक्त मूर्ती असते. मग तिच्यावर हात ठेवून 'अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु' म्हणतात, तेव्हापासून तो देव. आणि निरोपाच्या दिवशी उत्तरपूजेत अक्षता वाहून 'यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्' म्हणतात, मूर्ती जागेवरून जराशी हलवतात. त्या श्लोकाची दुसरी ओळ 'पुनरागमनाय च' अशी संपते: परत येण्यासाठी. म्हणजे शास्त्राच्या हिशोबाने बाप्पा निघाला तो दिवाणखान्यातूनच. बादलीत जाते ती माती.

श्रद्धाळू घरात मुलाला हे जसंच्या तसं सांगता येतं: 'आपण बोलावलं तेव्हा देव यात आला, निरोप दिला तेव्हा गेला, आता ही माती आहे.' ज्या घरात आईवडील तितकेसे मानत नाहीत, तिथे एकच शब्द बदलतो: 'यात देव आला असं आपण धरतो.' दोन्ही वाक्यं प्रामाणिक आहेत. एक मात्र पाळावं. उत्तरपूजेला मुलाला हजर ठेवावं. आपल्याकडे त्या वेळी सगळे ढोल, गाडी, आणि वाटली डाळ डब्यात भरायच्या मागे असतात, आणि मूल खाली गेटवर. मूर्ती हलवताना त्याचा हात पाटाला लागलेला असला, तर पुढची बादली त्याला जड जात नाही. दह्याची वाटी, दही-पोह्यांची शिदोरी हेही त्यालाच करू द्यावं. शिदोरी कुणी खाल्ली हे विचारायचा त्याला हक्क आहे आणि उत्तर 'आपणच, प्रसाद म्हणून' असंच आहे.

आता बादली. पीओपीच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेट वापरायची पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली, आणि महापालिका ही पूड क्षेत्रीय कार्यालयांतून फुकट देत आली आहे. प्रमाण मूर्तीच्या वजनाइतकं: दोन किलोची मूर्ती, दोन किलो पूड. म्हणून मूर्ती घरी आणली त्याच दिवशी, प्रतिष्ठेच्या आधी, वजन करून ठेवावं. नंतर देवाला काट्यावर बसवायला कुणी धजत नाही आणि मग पूड अंदाजाने पडते, म्हणजे कमी पडते, आणि चौथ्या दिवशीही अर्धा गणपती तसाच. प्लास्टिकची बादली घ्यावी; तांब्याचा हंडा अमोनियाने खराब होतो. आधी फुलं, कापसाची वस्त्रं, दागिने काढावेत. मूर्ती पूर्ण बुडेल इतकं पाणी, तेही साधं. लवकर व्हावं म्हणून गरम पाणी ओतणारे बरेच असतात. त्याने पूड वायू होऊन उडून जाते आणि घरभर वास तेवढा राहतो. खायचा सोडा ही वेगळी वस्तू आहे, तो यात चालत नाही. दर दोन-तीन तासांनी ढवळायचं, साधारण 48 तासांत काम होतं. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे, म्हणून झाकण घट्ट लावायचं नाही, आणि डोळे चुरचुरतात म्हणून लहान मुलाला बादलीवर ओणवं होऊ द्यायचं नाही. तळाला पांढरा साका बसतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच. वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, नत्रयुक्त खत. पण ते फार तीव्र असतं. चहाच्या कपभर पाण्याला निदान एक भरलेली बादली साधं पाणी मिसळावं, आणि रंग उतरलेले असल्याने ते जास्वंद-मोगऱ्याला घालावं, कोथिंबीर-पुदिन्याला नको. तुळस या पाण्याने जळाली म्हणून रडणारी आजी हा आणखी एक वेगळाच प्रश्न होऊन बसतो.

मुलांच्या दृष्टीने दोन्ही मूर्तींत मोठा फरक आहे आणि तो कुणी सांगत नाही. शाडूत आधी बारीक अवयव जातात: सोंड, बोटं, कान. चेहरा ओळखू येत असताना सोंड नसणं हे लहान मुलाला भीतिदायक वाटतं. पीओपीत चेहरा बराच वेळ टिकतो आणि रंगाची साल सुटी होऊन वर तरंगते, सोबत आतला काथ्या. हे त्याहून वाईट दिसतं. म्हणून पाचाच्या आतल्या मुलासाठी आमचा सल्ला असा: पीओपी असेल तर बादली घरात नकोच, मूर्ती पालिकेच्या हौदावर किंवा मूर्ती-संकलन केंद्रावर द्यावी. शाडू असेल तर संध्याकाळी उशिरा विसर्जन करावं, मूर्ती बादलीत पाठमोरी ठेवावी, सकाळी मूल उठेपर्यंत फक्त गाळ उरतो. त्यासाठी मूर्ती पूर्ण वाळलेली हवी. वाळलेली माती पाणी भराभर ओढते आणि फुटते. आतून ओलसर राहिलेली रात्रभरात हटत नाही. तैलरंग दिलेली असेल तर पाणी आतच शिरत नाही, मग पाठीवर आणि बुडाला चाकूने चार रेघा मारून घ्याव्या. मोठ्या मुलाला मात्र सगळं बघू द्यावं. काडी वर आली की ती कुणाच्या गणपतीतली यावर भांडण होतं, आणि ते ऐकताना कळतं की सांगण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही.

तरी कधीतरी 'खरं सांग' येतंच. ते विसर्जनाच्या दिवशी आलं तर त्याच दिवशी थोडक्यात खरं सांगून 'सविस्तर उद्या' म्हणावं. त्या संध्याकाळी सगळ्यांचेच गळे दाटलेले असतात आणि मूल दोन दुःखांची सरमिसळ करतं. सांगणारं माणूस गोष्ट सांगणारंच असावं. गावाला जायची गोष्ट आजीने सांगितली असेल तर आजीनेच, निदान तिच्या समोर. शब्द साधे ठेवावेत. 'तू बरोबर ओळखलंस. ती लहान मुलांना सांगायची गोष्ट आहे, मलाही सांगितली होती. आता तुला कळलंय तर तू आमच्या बाजूला आलास.' एवढं बास. 'एवढा घोडा झालास तरी तुला खरं वाटत होतं?' हे वाक्य थट्टेतही नको, आणि हा किस्सा दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना तर मुळीच सांगू नये. ते मूल आतल्या खोलीत बसून ऐकत असतं.

आजीशी आधी बोलून घेणं ही पायरी बहुतेक घरांत राहते, आणि सगळा विचका तिथेच होतो. आई खोलीत खरं सांगते, आजी स्वयंपाकघरात 'असं म्हणू नये, बाप्पाला राग येतो' म्हणते, आणि मूल दोघींपैकी कोण खोटं बोलतंय ते शोधायला लागतं. श्रावणातच विचारावं, 'आई, यंदा हा विचारणार. आपण काय सांगायचं?' आजींचा विरोध असतो तो देव नाही असं सांगण्याला. मूर्ती मातीची आहे, मोदक आपण खातो, याला कुठल्याही आजीचा विरोध आम्ही पाहिलेला नाही. उत्तरपूजेचा तो श्लोक बहुतेक आजींना पाठ असतो, फक्त त्याचा अर्थ त्यांना कुणी विचारलेला नसतो.

म्हणूनच डिसेंबरातल्या सांताक्लॉजची आणि बाप्पाची एकच मोळी बांधू नये. सोपं जातं म्हणून काही पालक तसं करतात: 'सांता खोटा तसा बाप्पा पण.' सांताची गोष्ट वेगळी आहे. कॅम्पात एमजी रोडवर लाल टोप्या लागतात, शाळेत कुणीतरी कापसाची दाढी लावून गोळ्या वाटतं, पण सांता खरंच येतो असं घरातलं एकही मोठं माणूस मानत नाही. तिथे खरं सांगणं म्हणजे खेळ संपवणं. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते, ते गुपचूप मदत करत अशा कथा आहेत, त्यावरून हे पात्र आलं, एवढं सांगितलं की मुलाचं समाधान होतं. अमेरिकेत 1994 मध्ये अँडरसन आणि प्रेंटिस यांनी सांताचं खरं कळलेल्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून अभ्यास केला होता. बहुतेक मुलांना ते सातव्या वर्षाच्या सुमारास आपलं आपणच कळलं होतं आणि त्यांना एकंदर बरंच वाटलं होतं. वाईट वाटलं होतं ते पालकांना. बाप्पाच्या बाबतीत घरातलं निदान एक माणूस रोज सकाळी त्याच्यापुढे हात जोडत असतं. तिथे गोष्ट सोडवायची आणि श्रद्धेला हात लावायचा नाही; ती मानायची की नाही हे मूल पुढे केव्हातरी स्वतः बघेल.

खरं कळलेलं मूल ते दुसऱ्याला सांगणार, हे धरून चालावं. 'कुणाला सांगू नकोस' म्हणून उपयोग होत नाही, उलट सोसायटीच्या आरतीला प्रसाद वाटण्याआधी बातमी फुटते. त्याला काम द्यावं. धाकट्यासाठी पावलं काढणं, मोदक पळवणं, विसर्जनानंतर पाटावर चिमूटभर माती घेऊन येणं. कामावरचा माणूस गुपित सांभाळतो. आणि एखाद्या दादाने आपल्या लहानग्याला खेळाच्या मैदानात सगळं सांगून टाकलंच, तर दादाच्या घरी तक्रार करायला जाऊ नये. लहानगा रडत आला तर 'दादाला असं वाटतं, तुला काय वाटतं?' विचारावं. बहुतेक वेळा त्याला गोष्ट हवीच असते. तो म्हणतो, 'दादाला माहीत नाही', आणि खेळायला जातो. अशाला जबरदस्तीने खरं पाजू नये.

राहिला गाळ. शाडूचं पाणी दोन दिवस निवळू द्यावं, वरचं पाणी झाडांना घालावं, खालची माती जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यावी म्हणजे काड्या, रंगाचे पापुद्रे, अक्षता वेगळ्या निघतात. परातीत पसरून पूर्ण वाळवावी आणि कापडी पिशवीत भरून ठेवावी. ओलसर माती प्लास्टिकच्या डब्यात बंद केली तर तिला वास येतो आणि बुरशी धरते. ठेवायला जागा नसेल तर वापरलेली शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देणारी मोहीम पुण्यात चालते, तिथे द्यावी. पिशवीवर मुलाकडूनच वर्ष लिहून घ्यावं. पुढच्या श्रावणात त्यात पावपट नवी शाडू मिसळावी लागते, कारण बारीक कण पाण्याबरोबर गेल्याने जुनी माती जरा भरड होते आणि सोंड वळताना तुटते.